हलकं काम

३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

पाठीचं विचारलंस. सहा वर्षं झाली, दुखणं काही पाठ सोडत नाही. तेव्हा त्याच्याशी जमवून घ्यायला मीच शिकले. व्यायाम शिकवणाऱ्या बाई सांगतात, कळ आल्यावर नव्हे, यायच्या आधी थांबा. म्हणून वीस मिनिटं उभ्याने कापड बेतते, पाच मिनिटं फिरते. दिवस कसा गेला, काम किती झालं ते रोज वहीत लिहिते. गुरुवारी आम्ही सात दुखणेकरी जमतो. तिथे कुणी ‘अजून दुखतंय?’ असं विचारत नाही, हेच मोठं औषध.

कपड्यांच्या कारखान्यात यातलं कुणाला ठाऊक नाही. सारखी उठते म्हणून मला चहाबाज समजतात. समजू देत! तुझा नि आम्हाला कामं वाटून देणाऱ्या मास्तरांचा घरोबा आहे म्हणून बजावते, त्यांच्यापाशी अवाक्षर काढू नकोस.

तुझ्या धाकट्या लेकीला माझा पापा.
तुझी ताई

१९ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न.

रागावू नकोस. मास्तर एका लग्नात भेटले, मला राहवलं नाही, सगळं सांगून टाकलं. ते फार हळहळले. तुला हलकं काम देतो म्हणाले. तुझ्या भल्यासाठीच केलं गं. मोठ्या मनाने घे, माया पातळ करू नकोस.

तुझा धाकटा

२ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद.

मिळालं हलकं काम. सोमवारी गेले तर माझ्या टेबलापाशी नवी मुलगी उभी, हातात माझी कात्री. मला कोपऱ्यात बटणं लावायला बसवलं. दिवसभर बसून! बसण्यानेच पाठ पेटते, हे मास्तरांना काय ठाऊक? आणि कशाने दुखतं, हे तू तरी कधी विचारलंस? तिसऱ्या दिवशी भिंत धरून उठले. कीव करायला तुला मास्तर सापडले, विचारायला मी सापडले नाही. केसाने गळा कापलास रे.

शुक्रवारी वही घेऊन मास्तरांपुढे उभी राहिले. वर्षभरात खाडा नाही, एक कापड वाया नाही, हे दाखवलं. ते वरमले. सकाळपुरतं टेबल परत दिलं; दुपारी बटणं, पण मधेमधे उठायची मुभा. आता सगळ्यांना कळलंय; मी उठले की सगळ्या मशिनी क्षणभर थांबतात. त्या शांततेत चालणं कळ सोसण्याहून जड जातं.

सुट्टीत पोरांना घेऊन ये, दार उघडंच आहे. पाठीचं मात्र विचारू नकोस. विचारलंस तर बरी आहे म्हणेन, जगाला सांगते तसंच.

तुझी ताई