ओल्गाला कोरडी पडू द्यायची नाही

१२ जानेवारी

आलो एकदाचे. घर छोटंसं आहे, पत्र्याचं, पण पायरीवर बसलं की समोर खाडी. कोरी सामान उतरवतानाही शीळ घालत होता. पलीकडे खाडीत मासे पाळायचे पिंजरे आहेत, तिथे त्याला काम मिळालंय. पॉपीला अंगणात चादरीवर टाकली तर पाय झाडत आकाशाशीच बोलत बसली. पाच महिन्यांची झाली, अजून फक्त अंगावर पिते. गाल असे की येईल तो पाव्हणा ओढतो.

घर ग्लेनिस म्हातारीचं. भाडं काही नाही. तिचा भाऊ अल्बी वारला, त्याची शिडाची होडी मागे राहिली. ओल्गा तिचं नाव. दर रविवारी तिला बाहेर काढायची, एरवी धक्क्याला पाण्यात बांधून ठेवायची, एवढीच अट. कोरी मला हळूच म्हणाला, खेळायला होडी आणि वर राहायला घर, म्हातारीचं डोकं फिरलंय.

ग्लेनिसने आधी माझ्या चपलांकडे बघितलं, मग पोरीकडे. म्हणाली, होडीला कोरडी पडू द्यायची नाही. मी म्हटलं, हो हो.

१९ जानेवारी

आज तिघंही गेलो. कोरी लहानपणी बापाबरोबर शीड हाकायचा, हाताला सगळं आठवतंय त्याच्या. तपकिरी शीड भरलं आणि ओल्गा कलली तेव्हा मी काठ गच्च धरला, पण पॉपी हसली. मग मीपण हसले. तळाला थोडं पाणी झिरपत होतं, ते मी डब्याने उपसत होते. लाकडाची होडी आहे, तेवढं चालायचंच म्हणे.

परत आल्यावर कोरीने तिला ओढून शेडमध्ये घेतली. रंगाचे पोपडे निघालेत. खरवडू, रंगवू, पुढच्या रविवारी परत पाण्यात.

२ फेब्रुवारी

पुढचा रविवार गेला. हाही गेला. पिंजऱ्यावरची दोन माणसं काम सोडून गेली, त्यांची पाळी कोरीच्या गळ्यात. घरी येतो, ताटावरच झोपतो. खरवडायचं मी करते, पॉपी डुलकी घेते तेवढ्यात. रंग लावून झालाय पण खाडीवरचं धुकं त्याला वाळू देत नाही. म्हणून कोरीने शेडमध्ये हीटर लावला आणि दार घट्ट बंद केलं. अजून चालूच आहे.

दुकानात पाव आणायला गेले. गल्ल्यावरच्या बाईने विचारलं, ओल्गाचं शीड नुसतं पडूनच आहे म्हणे, पोरीचे लंगोट शिवलेस का गं त्याचे? मागे उभे होते ते दोघं हसले. माझ्याकडे न बघता हसले. पाव घेऊन आले, अर्धा दारातल्या मांजराला टाकला.

१० फेब्रुवारी

हीटरने होडी पार सुकली. फळ्याफळ्यांमध्ये फटी पडल्यात, माझं नख जातं आत. एका बाजूला उभं राहिलं की पलीकडचा उजेड दिसतो. कोरी म्हणाला, घाबरू नकोस, लाकूड आहे. पाण्यात सोडायची, बुडली तर बुडू द्यायची, दोन दिवसांत फळ्या फुगून फटी मिटतात. सगळे असंच करतात.

मग सोड ना, मी म्हटलं.

वेळ कुणाला आहे, म्हणाला. तूच तर दिवसभर घरी असतेस.

पोरगी छातीशी धरून होडी ओढू काय मी? दार आपटून गेला.

पावसाच्या पाण्याची टाकी अर्धी झालीय. परवा काठोकाठ होती. कोरी म्हणतो मी नळ उघडा टाकते. मी नाही टाकलेला.

१३ फेब्रुवारी

किटली भरून ठेवली, पॉपीला पुसून येईतो रिकामी. खाली ओल नाही, वाफ नाही. मांजराची पाण्याची वाटीपण तशीच कोरडी. धुतलेले कपडे दोरीवर टाकतानाच कडक होतात, बाहेर धुकं असून.

हीटर मी बंद केलाय. दार उघडं टाकलंय. तरी शेडमध्ये गेलं की ओठ फुटतात.

आणि फटी बारीक झाल्यात. पाण्याचा थेंब लावलेला नाही तिला कुणी.

१५ फेब्रुवारी

ग्लेनिसकडे गेले. दारातच उभं केलं मला. हीटरचं सांगितलं तर तिचं तोंड असं झालं की वाटलं मारते आता. म्हणाली, अल्बीनेही एका हिवाळ्यात हाच आळस केला होता. तेव्हा त्याची पोर तान्ही होती. पुढे काय झालं विचारलं, तर म्हणाली, अल्बीला पोर नाही.

मी रडायलाच लागले. तिला दया नाही आली.

"लाकूड सुकलं की ते पिणार, पोरी. समुद्र पाजायचा होता तिला. तुम्ही नाही पाजला. आता ती शोधेल तिचं तिचं."

आणि दार लावलं.

१८ फेब्रुवारी

दूध आटलं. एका दिवसात. पॉपी ओढते, सोडते, ओढते. दुपटं सकाळपासून कोरडंच. कोरीला ओढून दवाखान्यात नेलं. तिथे पॉपीला सलाईनची नळी लावली तर तासाभरात पोर टवटवीत. नर्सने मला विचारलं, पाजत नाहीस काय गं नीट? सगळ्यांसमोर. आम्हाला इथेच राहू द्या म्हटलं. कोरी म्हणाला, चल घरी, रविवारी नक्की सोडतो होडी, शपथ.

घरी आलो. संध्याकाळपर्यंत परत तेच.

२३ फेब्रुवारी

रविवार आहे. कोरी कामावर गेला. गाडी घेऊन गेला.

टाकी खडखडीत. पॉपीची टाळू खोल गेलीय.

शेडमध्ये बघितलं. फटी नाहीत. एकही नाही. सुरीचं पातं जात नाही. फळ्या ओल्या, गुबगुबीत. हात लावला तर कोमट.

मीच ढकलते. समुद्र पाजायचा ओल्गाला, मग सोडेल आम्हाला. भरती आहे—

तीच तारीख. धक्क्यावर

सुटली एकदाची. खाली ओंडके सारले, त्यांवरून घसरत गेली. पॉपी माझ्या मांडीवर आहे. दोर बांधलाय धक्क्याला. आता झिरपेल, पिईल, पोट भरेल तिचं. बघत बसलेय.

झिरपत नाहीये.

आत एक थेंब नाही. बादलीभर खाडीचं पाणी ओतलं वरून. तसंच उभं आहे तळाला. पीत नाहीये ती.

जीभ टाळ्याला चिकटतेय माझी. पॉपी रडते, डोळ्यांत पाणीच नाही—

वारा जमिनीकडून येतोय. होडी बाहेर लोटली जाऊन दोर ताणला जायला हवा होता. सैल आहे. पुढचं टोक आमच्याकडे, वाऱ्याच्या उलटं. जवळ—

समुद्र नकोच आहे तिला. आमची चव लागलीय. तिला पॉ—