रेमीच्या गोळ्या

२७ नोव्हें. ८८, रविवार
आगमनकाळ सुरू, नाताळला चार आठवडे. वेदीवर जांभळं कापड, पहिली मेणबत्ती. वाचन होतं की जागे राहा, प्रभू कधी येईल सांगता येत नाही. आणि फा. जोकिमचं प्रवचन कशावर? स्कूटर कुठे लावायच्या, हॉलमधल्या लग्नांत बँड किती वाजेपर्यंत, नाताळच्या गोठ्यांच्या स्पर्धेत थर्माकोल नको. तो येणार आहे म्हणतात त्याबद्दल एक वाक्य नाही. पुढच्या बाकावरचे दोघे डुलक्या काढत होते. मीही काढल्या असत्या, पण राग आला की मला झोप लागत नाही.

घरी दुसरंच. रेमी, माझी धाकटी बहीण, छत्तीस वर्षांची, चर्चच्या बालवाडीत पोरं सांभाळते आणि सध्या स्वतःच पोर झालीय. दर गुरुवारी डोंबिवलीला ब्रदर स्टीफनकडे प्रार्थनेला जाते. आज भाजी निवडता निवडता लुसीला सांगत होती, "वहिनी, पास्खापर्यंत, ईस्टरच्या आत प्रभू येणार. ब्रदरना दाखवलंय."
लुसी म्हणाली, "मग नाताळच्या करंज्या करायच्या की नाही ते सांग."
दोघी हसल्या. मी नाही.

८ डिसें., गुरुवार
मारियामातेचा सण. हाफ डे टाकला, वागळेच्या कंपनीतून थेट डोंबिवली. म्हटलं बघू तरी बहीण जाते कुठे.

तिसरा मजला, सोफा भिंतीला लावलेला, सतरंजीवर माणसं दाटून बसलेली. हा स्टीफन फादर नाही, मठातला ब्रदरही नाही. बँकेतून रिटायर झालेला माणूस, लोकांनी ब्रदर केला. आवाज मऊ. प्रार्थना चांगली करतो, हेच वाईट. बुवाबाजी करणारा लबाड असता तर सोपं होतं. हा स्वतःच रडतो.

शेवटी एकेकाच्या डोक्यावर हात. रेमीची पाळी आली तेव्हा म्हणाला, "बाळ, तू बरी झालीयस. तुला हवं असेल तर ह्या फिटच्या गोळ्या सोड. त्याच्या स्वागताला माणसाने भरवशाने उभं राहावं." लोक हालेलुया म्हणाले. रेमीच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी तिच्या पहिल्या कम्युनिअननंतर पाहिलं नव्हतं.

परत येताना बोललो असतो तर स्टेशनवर तमाशा झाला असता.

१० डिसें., शनिवार
सोडल्या. गुरुवारपासून एकही घेतलेली नाही. लुसीच्या लक्षात आलं.

मी ओरडलो. शेजाऱ्यांनी रेडिओ बंद केला असं वाटलं, इतका ओरडलो. फिट म्हणजे काय ते हिला माहीत नाही, कारण हिला त्यातलं काही आठवत नसतं. आठवतं ते मला. ठाण्याच्या घराच्या ओट्यावर नववीतली रेमी तोंडाला फेस येऊन पडलेली, आई तिच्या नाकाशी कांदा धरून रडतेय, आणि शाळेच्या बाई सांगायला आल्यात की उद्यापासून पाठवू नका. पुढे ठरलेलं लग्न ह्याच कारणाने मोडलं, तेही चर्चमध्ये नावांची पहिली पुकार झाल्यावर. गोळ्या नीट लागू पडल्यावर आता कुठे काही वर्षं माणसासारखी गेली.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दादा, तू म्हणतोस ते खरंय. पण मला एकदा तरी आजारी नसल्यासारखं कोणासमोर उभं राहायचंय. तो आला तर त्याच्यासमोर."

दार आपटून खाली गेलो.

१३ डिसें., मंगळवार
फा. जोकिमकडे गेलेलो. खुर्ची दिली, चहा दिला. म्हटलं, फादर, आपल्या चर्चला येणारा स्टीफन तिकडे डोंबिवलीत लोकांची औषधं बंद करतोय, रविवारी अल्टारवरून दोन शब्द बोला.
"आंतोन, ती भाविक माणसं आहेत रे. आता बोललो तर फूट पडेल. नाताळ होऊ दे, मी स्टीफनला एकट्याला गाठून समजावतो."
"आणि तोवर तिला फिट आली तर?"
"आपण प्रार्थना करू."

स्टीफनही हेच म्हणतो. फरक इतकाच की हा चहा देऊन म्हणतो.

उठताना विचारलं, "फादर, तुमचा स्वतःचा विश्वास आहे का, तो परत येईल ह्यावर?"
"दर रविवारी प्रार्थनेत म्हणतोच की आपण सगळे."
म्हणतो. मीही म्हणतो. लेथवर उभं राहून हिंदी गाणीपण म्हणतो.

१८ डिसें., रविवार
गेले चार दिवस लुसी गोळी कुटून रेमीच्या डाळीत घालते. कल्पना माझी. लुसी पहिल्यांदा नाही म्हणाली, मग म्हणाली, "पाप लागलं तर तुझ्या नावावर." असू दे. एवढं पाप मला पेलतं. पण ते घेऊन मिस्साला कम्युनिअनच्या रांगेत गेलो नाही. रेमीने वळून बघितलं, का आला नाही म्हणून.

२० डिसें., मंगळवार
कळलं तिला. डाळ कडू लागली. वाटीच्या तळाशी पांढरा गाळ बोटाने उचलला, बघितला, आणि मग लुसीकडे नाही, माझ्याकडे बघितलं. आरडाओरड काही नाही. हात धुतले, दोन साड्या, जपमाळ, बालवाडीची किल्ली पिशवीत टाकली.
मी दारात आडवा उभा राहिलो. म्हणाली, "बाजूला हो दादा. मी काय तुझी लहान मुलगी नाही."
झालो बाजूला. का झालो, माहीत नाही.
डोंबिवलीला, स्टीफनकडेच. त्याच्या बायकोने खोली दिली म्हणे.

२५ डिसें., नाताळ
सकाळच्या मिस्साला आलेली. पांढरी साडी, डोक्यात अबोली. तब्येत चांगली दिसली, ह्याचाही राग आला. बाहेर येऊन लुसीच्या गळ्यात पडली. मला म्हणाली, "सुखी नाताळ, दादा." मी मान हलवली. लुसीने करंज्यांचा डबा दिला तो घेतला. उघडून वास घेतला नाही. मी बघत होतो, घेते का.

फा. जोकिमने गोठ्यांच्या स्पर्धेची बक्षिसं वाटली. पहिलं बक्षीस थर्माकोलला.

६ जाने. ८९, शुक्रवार
काल झालं.

गुरुवारची प्रार्थना सुरू व्हायच्या आधी रेमी स्वयंपाकघरात सगळ्यांसाठी चहा ठेवत होती. तिथे फिट आली. पेटत्या स्टोव्हवर पडली, पातेलं अंगावर. डावा हात, मान, गालाची एक बाजू.

आत पंधरा-वीस माणसं होती. काहींना वाटलं पवित्र आत्मा उतरला. एक बाई म्हणे सैतान निघतोय, निघू दे, कोणी हात लावू नका. गुडघे टेकून हात वर करून प्रार्थना, आणि ती फरशीवर हात-पाय झाडतेय, पदर जळतोय. खालच्या मजल्यावरच्या मराठेबाई आवाज ऐकून धावत वर आल्या. त्यांनी पदर विझवला, हातावर पाणी ओतलं, आणि ओरडून ओरडून रिक्षा आणवली. पास्खा म्हणजे काय ते त्या बाईला माहीत नाही.

मला कंपनीत फोन मराठेबाईंच्या मुलीचा आला. प्रार्थनेवाल्यांचा नाही.

हे लिहिताना पेन दोनदा कागदातून आरपार गेलं.

८ जाने., रविवार
मिस्साला गेलो नाही. सरकारी हॉस्पिटल, बायकांचा वॉर्ड. ती जाळीखाली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गोळ्या कोणी बंद केल्या? रेमी म्हणाली, "मीच." मी तोंड उघडलं तर तिने चांगल्या हाताने खूण केली, गप्प.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गाल भरेल, डाग राहील. हाताची बोटं किती वळतील ते नंतर कळेल.

११ जाने., बुधवार
फा. जोकिम आले, तेलाची बाटली घेऊन, आजाऱ्यांचा अभ्यंग द्यायला. मी वॉर्डाबाहेर पॅसेजमध्ये अडवलं. एका महिन्याचं साठलेलं सगळं काढलं. म्हटलं, तुम्ही तेव्हा अल्टारवरून बोलला असतात तर हे तेल लागलं नसतं. तुम्ही लोकांना स्कूटर कुठे लावायची ते सांगता, मग कोणाला खरंच देवाची वाट बघायची असेल तर तो स्टीफनकडेच जाणार ना. तुमच्याकडे आहे काय?

वाटलं रागावतील. मान खाली घालून उभे राहिले. तेलाची बाटली ह्या हातातून त्या हातात घेत म्हणाले, "आंतोन, तो परत येण्याबद्दल लोकांना काय सांगायचं ते मला माहीत नाही. सेमिनरीत शिकलेलं सांगतो तेव्हा माझं मलाच पटत नाही. म्हणून मी स्कूटरबद्दल बोलतो."

खरं बोलले. म्हणून काय झालं? मी काय त्यांची पाठ थोपटायची?

आत गेले, प्रार्थना केली. मग स्टुलावर बसून तिला चमच्याने पेज भरवली. रेमीने खाल्ली. दोन दिवस माझ्या हातून खात नव्हती.

१५ जाने., रविवार
आज मी चर्चच्या आवारात माणसाची कॉलर धरली. मिस्सा सुटली होती, सगळे बघत होते. स्टीफन स्वतःहून माझ्याकडे आला, "आंतोन" एवढंच म्हणाला आणि माझा हात गेला. वरचं बटण तुटून माझ्या मुठीत आलं.
म्हणाला, "मार. मी नाही म्हणणार नाही."
म्हटलं, "तू बघत होतास. ती जळत होती आणि तू डोळे मिटून होतास."
"हो."
"का?"
तर म्हणे, त्याला वाटलं की हाच तो क्षण. आता आकाश उघडणार. त्याचा एकुलता मुलगा पोहायला गेला तो बुडाला, तेव्हापासून तो ह्या एका क्षणासाठी बसलाय. "प्रभू आला तर जेरीपण येईल. मला दुसरं काही दिसलं नाही, आंतोन. रेमी दिसलीच नाही."

आजूबाजूच्या बायका डोळे पुसायला लागल्या. मला किळस आली. तुझा मुलगा मेला म्हणून माझ्या बहिणीने जळायचं? सोडून दिला. दया म्हणून नाही. मारायला समोर काही उरलंच नव्हतं.

लुसी घरी आल्यावर म्हणाली, "तुला एक माणूस हवाय, सगळं ज्याच्यावर टाकता येईल. मिळत नाही म्हणून चिडतोस." तिच्यावरही ओरडलो.

८ फेब्रु., राखेचा बुधवार
रेमी परवा घरी आली. आज उठून आमच्याबरोबर राख लावून घ्यायला आली. फादरचा अंगठा कपाळाला लागताना मागच्या बाईने शेजारणीला काहीतरी सांगितलं, गालाबद्दल. मी वळून बघितलं, ती गप्प झाली.

संध्याकाळी लुसीने गोळी दिली, रेमीने घेतली. मी सहज म्हटलं, "शहाणी झालीस." तर तिने पाण्याचा पेला खाली ठेवला.
"दादा, एक सांगते, परत बोलणार नाही. ब्रदरने चूक केली. पण त्याने मला विचारलं होतं, मी हो म्हटलं होतं. तू माझ्या ताटात कालवलंस. आई गेल्यापासून मी त्या ताटात डोळे मिटून जेवत होते."
"तुझ्या भल्यासाठीच ना."
"त्यालाही तेच वाटत होतं."

त्याच्यात आणि माझ्यात हिला फरक दिसत नाही. मी वाचवायला बघत होतो. तो...

१२ मार्च, रविवार
ठरलं ते असं. गोळ्यांचा डबा रेमीच्या कपाटात, किल्ली तिच्याकडे. घेतली का, कोणी विचारायचं नाही. लुसी कबूल. मी तीन दिवस अडून बसलो, मग कबूल. आज पहिला दिवस आणि मी दोनदा तोंड उघडून मिटलं.

बालवाडीच्या सिस्टर म्हणाल्या, मुलं गालाला घाबरतील, जरा थांबून रुजू हो. रेमी तरीही सोमवारी गेलेली. एका पोराने विचारलं, दुखतं का. हो म्हणाली. मग म्हणे सगळ्यांना एकेकदा हात लावून बघायचा होता. हे सांगताना ती हसली. नाताळनंतर पहिल्यांदा.

२६ मार्च, पास्खा
आला नाही.

पहाटेच्या मिस्साला चर्च भरलेलं. स्टीफनची मंडळी एका बाजूला एकत्र बसलेली, आधीच्या निम्मीसुद्धा नाहीत. तो अगदी शेवटच्या बाकावर, मान वाकवून. घंटा वाजल्या, लिली, मेणबत्त्या, सगळं जागच्या जागी. फा. जोकिम आज पहिल्यांदा स्कूटरबद्दल बोलले नाहीत. म्हणाले, इथे काही जण आज सकाळी फार निराश होऊन बसलेत, त्यांना कोणी हसू नये, कारण जो वाटच बघत नाही त्याची निराशाही होत नाही. मग अडखळले आणि श्रद्धेच्या कबुलीचा क्रेदो सुरू केला. चांगलं बोलले. डिसेंबरात बोलायचं होतं.

मला वाटलेलं रेमी रडेल. नाही रडली. मिस्सा झाल्यावर उठून शेवटच्या बाकाकडे गेली, स्टीफनच्या शेजारी बसली. मी बाहेर आंब्याखाली उभा राहून चरफडत होतो. लुसीने दंड धरून ठेवला, सोडला नाही.

दुपारी जेवताना रेमी म्हणाली, गुरुवारी परत डोंबिवलीला जाणार.
"कशाला? आता काय बाकी आहे?"
"वाट बघायची बाकी आहे. ह्या वेळी तारीख नाही, एवढंच."
म्हटलं, "त्या घरात परत पाय ठेवणार? त्या स्वयंपाकघरात?"
"चहा दुसरं कोणीतरी ठेवेल." मग भात वाढून घेत, "दादा, खरंच आला तर तू काय करशील?"
"जाब विचारेन. पहिल्यांदा तुझा, मग आईचा, मग बाकीचे."
तिने भात कालवला, डाव्या हाताची बोटं ताटाच्या कडेला नुसती टेकवून. म्हणाली, "म्हणजे तूपण वाट बघत थांबलायस."

राग आला, पण नेहमीसारखा धड कोणावर येईना.

आता ती आत कपाट उघडतेय, आवाज येतोय. गोळीचा असेल, साडीचा असेल. लुसी माझ्याकडे बघतेय. विचारायचं नाही असं ठरलंय.

विचारलं नाही.