दीड दिवसाची विलायत

६ ऑगस्ट १९४९, विटा
निवड झाली! लंडन! नर्सिंगचं वर्षभराचं शिक्षण, सगळा खर्च मुंबईच्या ट्रस्टचा. पत्र आबांनी पोस्टातून आणलं — वाटेत फोडलंसुद्धा! वर्ग १ सप्टेंबरला सुरू. बोटीनं तीन आठवडे लागतात, तयारी करून वेळेत पोहोचणं शक्य नाही. म्हणून विमानानं पाठवणार. विमानानं! मला!!
आईला अजून सांगितलेलं नाही. मी पुण्याला अर्ज केलाय असंच तिला वाटतंय.

७ ऑगस्ट
सांगितलं. आई गोठ्यात गेली आणि म्हशीशी कानडीत बोलत बसली. माहेर जतकडचं — फार राग आला की कानडी निघते.
संमतीच्या कागदावर आई-वडील दोघांची निशाणी हवी. आबांनी सही ठोकली. हवालदारी सही, खाली रेघ ओढून! आईचा अंगठा बाकी. कागद वीस तारखेच्या आत मुंबईत पोहोचायला हवा.

९ ऑगस्ट
शाळेतून पृथ्वीचा गोल मागून आणला. दोरा लावला. मुंबई ते लंडन सरळ साडेचार हजार मैल. पण विमान कैरोला उतरतं, जिनिव्हाला उतरतं. दोरा तसा फिरवला तर पाच हजारांच्या घरात. तासाला अडीचशे मैल धरले तर हवेत वीस तास. थांबे धरून दीड दिवस.
आबांना पटेना. "अगं, लढाईत बसऱ्याला जाताना आमी आठवडाभर नुसतं वकत हुतो बोटीवर! आन् बसरा म्हंजी निम्मीबी वाट न्हाई!" दोरा घेऊन त्यांनी स्वतः दोनदा मोजलं. मग शेजारच्या कृष्णातला हाक मारून सगळं ऐकवलं — जणू विमान तेच चालवणार!

१० ऑगस्ट
आईनं दोरा चुलीत टाकला.

१४ ऑगस्ट
भाकऱ्या थापता थापता आईनंच विषय काढला. आठ दिवसांत पहिल्यांदा.
"किती दिस म्हणालीस?"
"दीड."
"आन् बोटीनं?"
"एकवीस."
"एकवीस दिस पोरगी जिती हाय का न्हाई कळायचं न्हाई. तसं म्या सोडलंच नसतं."
तव्यावरची भाकरी उलटली. मग तव्याकडेच बघत म्हणाली, "लगीन हून आले तवा बैलगाडीत तीन दिस. बारा वर्सांची हुते. पुढं अव्वा, माजी आई, आजारी पडली. सांगावा यायला चार दिस, मला जायला तीन. पोचले तवा —"
भाकरी करपली. मी उतरवली.
"म्या बलिवलं की दीड दिसात येशील न्हवं?"
"येईन," म्हटलं. रजा, तिकीट, परवानगी — काही काही सांगितलं नाही.
पदराला हात पुसला. "कुटं लावायचा अंगठा?"
कागदावर थोडं पीठही लागलंय. तसाच पाठवला!

२९ ऑगस्ट, मुंबई
विमानतळावर दोघंही आली. आबांनी जुने बिल्ले लावलेले. विमानाकडे बघून आई तिथल्या साहेबाला विचारते, "ह्ये रोज जातंय का?" तो म्हणाला, नाही बाई, ठरल्या वारीच. "आन् आमच्या विट्याला मोटार रोज येती!" साहेब हसला. मीही हसले. हसता हसता डोळे भरले, तेव्हा आईच ओरडली, "रडतीस काय! जा की आता, गाडी चुकंल!"

३१ ऑगस्ट, लंडन
पोहोचले! छत्तीस तास. मेट्रन बाई माझ्याकडे बघतच राहिल्या — इतक्या लवकर? वर्ग १ ऑक्टोबरला आहेत. ट्रस्टच्या कारकुनानं महिना चुकीचा टाइप केला! बोटीनं आरामात पोहोचले असते.
बोटीनं म्हटलं असतं तर आईचा अंगठा मिळालाच नसता. देव त्या कारकुनाचं भलं करो!