ओच्यातली लोखंडी मापं

निपाणी, १० सप्टेंबर २०२५

चि. ब्राह्मीस, आत्याचे अ. उ. आ. जय जिनेंद्र.

फोनवर बोलाय लागलं की वीरेंद्र कान टवकारून बसतो. आईला दुखणं काय झालं, लेक पोलीसच झाला! म्हणून रोज इथनं तुझ्या शाळेत शिकवायला जाणाऱ्या नीलमच्या हाती हे पत्र धाडते. तोंड आलंय, घास गिळवत न्हाय. डॉक्टर म्हणतात रक्त पण उतरलंय, का ते कळंना.

एक गंमत सांगते. तुला माझ्या गळ्याची शपथ, वीरेंद्रला कळता कामा न्हाय. चातुर्मासाचं माझं एकाशन चालू हाय, दिवसातनं एकदाच जेवते. वजन उतरलं की वीरेंद्र तो नेम मोडायला लावणार. मग काय केलं? आपल्या दुकानात जुनी लोखंडी मापं पडून हायत. त्यातली दोन-दोन किलोची तीन लुगड्याच्या ओच्यात खोवली आणि बेळगावच्या दवाखान्यात ऐटीत काट्यावर उभारले. चोपन्न! लेक खूश, डॉक्टर खूश. दोन्ही केमोला हेच केलं.

तू पोरांना वर्गमूळ शिकवतेस म्हणे. कुठल्या आमटीत घालतात गं ते?

माया पातळ करू नको.
तुझी आत्या, त्रिशला

बेळगाव, ११ सप्टेंबर

ती. आत्यास, शि. सा. न.

अगं काय करून बसलीस हे! पत्र वाचलं आणि तास सोडून स्टाफरूममध्येच हे लिहायला बसले.

वर्गमूळ कुठं घालतात विचारतेस? तुझ्या सलाईनमध्ये घालतात, आत्या! उंची आणि वजन गुणायचं, छत्तीसशेनं भागायचं, येईल त्याचं वर्गमूळ काढायचं. ते अंगाचं क्षेत्रफळ, त्यावर केमोचं औषध ठरतं. तुझी उंची दीडशे सेंटीमीटर. चोपन्न किलोला उत्तर येतं दीड. मापांचे सहा किलो वजा करून खऱ्या अठ्ठेचाळीसला येतं एक पूर्णांक एक्केचाळीस. फरक नखाएवढा दिसतो, पण ते औषध म्हणजे मोजून दिलेलं विष, आणि तू ते उपाशी अंगावर जास्तीचं घेतलंस. डॉक्टर कोड्यात पडलेत आणि तुला गंमत सुचते!

नीलम संध्याकाळी हे पत्र देईल; आज रात्री तूच वीरेंद्रदादाला सांग. नाहीतर उद्या मी सांगणार, शपथ गेली खड्ड्यात. आणि खरं बोल, ही युक्ती आणखी कुणाला शिकवलीस का?

रागावले आहे, तरी जीव तुझ्यातच आहे.
तुझी ब्राह्मी

दवाखाना, बेळगाव, १२ सप्टेंबर

चि. ब्राह्मीस, अ. उ. आ.

काल रात्री वीरेंद्रसमोर मापं ठेवली. तो भांडला न्हाय, नुसता रडला. त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग सकाळी मालुबाई आठवली. कंग्राळी गावची, गेल्या खेपेला माझ्या शेजारच्या खाटेवर होती. वजन घटलं तर डोस पुढं ढकलतील म्हणून रडत होती. मीच शहाणी, तिला युक्ती दिली. आणि आज तिच्या केमोची पाळी! तिचा फोन लागंना, दवाखान्याचाबी लागंना. गाडी काढून आलो तर तिला सलाईन लागलेलं. थांबवा म्हणून मी दारातनंच वरडले. सिस्टरनं धावत येऊन नळी बंद केली. मालुबाईच्या पिशवीतनं पाच किलोचं माप निघालं. डॉक्टर पांढरेफटक पडले. औषध थोडंच गेलं होतं, निभावलं म्हणाले.

मग त्यांनी आणखी कुणी असं केलंय का म्हणून सगळ्यांना विचारलं. समोरच्या खाटेवरच्या बाईनं खाली बघत उशीखालनं वरवंटा काढला. तिला मालुबाईनं सांगितलं होतं. तेवढ्यात खिडकीजवळच्या खाटेवरची मनुबाई म्हणून एक बाई हुंदके द्यायला लागली. तिनं पण तेच केलं होतं.

ब्राह्मी, मनुबाईचं सलाईन पुरतं संपलं होतं गं.

तू लगेच ये. मला एकटीला टाकू नको.
तुझी आत्या