पेट्रोल कोण पीत होतं?

मोताळा,
माघ वद्य, १९७४

प्रिय दादा,

तुझं पत्र काल मिळालं. वाचून झाल्यावर मी ते टेबलावर आपटलं, इतकं की बाहेर बाकावर बसलेली पेशंट दचकून उभी राहिली. उत्तर लगेच लिहिलं असतं तर कागद फाटला असता. आज दुपारी दवाखाना रिकामा आहे, आईला डोळा लागला आहे, म्हणून बसले. तिचा गुडघा अजून धरतो, पण अंगणात फिरते. तिची काळजी करू नकोस. ज्याची करायला हवी होती त्याचं आधी वाच.

तुझी जीप आता नीट चालते. 'तुझी' म्हणते, कारण संक्रांतीला भर बाजारात तू तसंच ओरडला होतास, "माझ्या जीपचं पेट्रोल विकून खातोस?" आपल्या अप्पांनी मिलिटरीच्या लिलावातली ती जीप घेतली ती या दवाखान्यासाठी. अप्पा गेल्यावरही ती रोहिणखेडला, बोराखेडीला, जिथे बाई अडली असेल तिथे जात राहिली. आणि ती चालवत होता तुळशीराम. तुला सायकल शिकवताना ज्याचा गुडघा फुटला होता तोच तुळशीराम.

पेट्रोल महागलं हे मान्य. अरबांनी तेल रोखलं आणि इथे मलकापूरच्या पंपावर डबे घेऊन रांगा लागल्या. जी टाकी आठवडाभर पुरायची ती तीन दिवसांत कोरडी पडायला लागली, हेही खरं. मीच तुला ते कळवलं होतं. पण मी लिहिलं होतं की गाडीला काहीतरी झालंय. तू वाचलंस की माणसाला काहीतरी झालंय. एवढा मोठा वकील तू. अकोल्याच्या कोर्टात साक्षीदाराला तासभर उलटसुलट विचारतोस, आणि इथे पानठेल्यासमोर एक प्रश्न न विचारता निकाल दिलास. शिक्षाही तिथेच. मी तेव्हा समोरच दवाखान्यात एका बाळंतिणीपाशी होते. हात धुऊन बाहेर आले तोवर तुळशीरामच्या गालावर तुझी बोटं उमटली होती आणि अर्धा बाजार गोळा झाला होता. तो एवढंच म्हणत होता, "मले काऊन मारता, दादासाहेब? गाडीच जास्त पिऊन राह्यली." लोक हसले. तूही हसलास. ते हसू माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

मी त्याला जा म्हटलं नाही. त्यानंच किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. "बाई, तुमचा भरोसा हाये, ते मले ठाऊक हाये. पण आता म्या पंपावर गेलो त लोक माह्या हाताकडे पाह्यतीन," म्हणाला आणि गेला. चिखलीहून दुसरा ड्रायव्हर मागवला. पेट्रोल तेवढंच जळत राहिलं. मग मी टाकीच्या झाकणाला कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या गळ्यात घातली. तरीही तेवढंच. तेव्हा ठरवलं, ताप कशाचा आहे ते रोग्यालाच तपासून बघायचं.

जीप रात्रभर अंगणात उभी ठेवली, खाली फरशीवर कागद अंथरून. एक थेंब नाही, म्हणजे गळती नव्हती. सकाळी घाटाच्या पायथ्यापर्यंत जाऊन आलो आणि उतरून चारही चाकांना हात लावून पाहिला. तीन कोमट होती, मागचं डावं मात्र तव्यासारखं. गिअर काढून सपाटीवर ढकलायला लावली, तर चौघांनी जोर लावूनही हलेना. ब्रेक सुटतच नव्हता, दादा. बैलाच्या पायाला लोढणं बांधून त्याला पळवावं तशी ती गाडी इतके दिवस पळत होती. पण एवढ्यानं सगळा हिशेब लागेना, कारण धूर काळा येत होता आणि बसल्या जागी पेट्रोलचा वास येत होता. प्लग काढायला लावले. चुलीतल्या लाकडासारखी काजळी धरलेली. जळण गरजेपेक्षा जास्त जातंय आणि पुरतं जळत नाही, हे समजायला मेकॅनिक कशाला हवा? मी चिखलीला नीळकंठच्या गॅरेजमध्ये गाडी नेली आणि कार्बोरेटर माझ्यासमोर उघडायला लावला. त्यानं आतला पितळी जेट, पेट्रोल ज्या बारीक भोकातून येतं तो, काढून माझ्या तळहातावर ठेवला. म्हणाला, "हा या गाडीचा नाहीच, बाई. मोठ्या इंजिनाचा कुणी बसवला?"

कुणी बसवला ते मला ठाऊक होतं. दिवाळीत तू सासरच्या मंडळींना अजिंठा दाखवायला जीप नेली होतीस. परत पाठवताना वर ऐटीत लिहिलंस की घाटात फार कण्हत होती, अकोल्याच्या मिस्त्रीकडून कार्बोरेटरचं काम करून घेतलं, आता राजूर घाट कशी चढते बघ. चढते, दादा. पेट्रोल पिऊन चढते. तू स्वतः करून घेतलेल्या कामाची थप्पड तुळशीरामच्या गालावर बसली.

नीळकंठनं जुन्या मापाचा जेट बसवला, मागच्या चाकाचा गंजून अडकलेला ब्रेक मोकळा केला, एअर क्लीनर धुतला. टाकी पुन्हा आठवडाभर जाते. मी स्वतः चालवायला शिकले आहे. मागच्या आठवड्यात रोहिणखेडला एकटी गेले आणि मशिदीपाशी वळताना जीप एका घराच्या पडवीत घालता घालता वाचले. हे ऐकून तू हसशील. हस, पण पुढचंही ऐक.

तुळशीराम आता रस्त्याच्या कामावर खडी फोडतो, कारण चोर ठरलेल्या माणसाच्या हाती या पंचक्रोशीत कुणी चाक देत नाही. मी गाडीचं सगळं त्याला जाऊन सांगितलं. त्यानं ऐकलं आणि पुन्हा हातोडा उचलला. "तुम्हाले पटलं, बाई. बाजाराले कोन सांगन?" त्याच्या बायकोचं, सुभद्राबाईचं, तर मी तुला कळवलंच नव्हतं. अप्पांच्या वेळेपासून ती या दवाखान्यात बाळंतपणं करते. आडवं आलेलं मूल पोटावरून हात फिरवून सरळ करणारी ती बाई संक्रांतीनंतर येईनाशी झाली. मी घरी गेले तर पदरानं तोंड झाकून म्हणाली, "बाई, चोराच्या बायकोच्या हातात लेकरू कोन देईन?" दोन बाळंतिणींनी खरंच दिलं नव्हतं. एकीनं तर खाटेवरून उठून गळ्यातली पोत सासूकडे काढून दिली होती, सुभद्राबाईच्या डोळ्यांदेखत.

आणि काल तुझं पत्र. प्रेमलावहिनीचे दिवस भरत आले, पहिलं मूल, मूल पायाळू दिसतंय, डॉक्टर असले तरी सुभद्राबाईसारखे हात इथे नाहीत, तिला पंधरा दिवस अकोल्याला पाठव. तुळशीरामचं पत्रात नावही नाही. मी ते तिला वाचून दाखवलं. वाटलं होतं, ती थुंकेल. ती उठली आणि दोन लुगडी गाठोड्यात बांधायला लागली. "पोटातल्या लेकरानं काय केलं माह्यं?" म्हणाली. तिनं कसलीच अट घातली नाही. अट माझी आहे. येत्या बाजाराच्या दिवशी तिला न्यायला तू स्वतः ये. भर बाजारात उभा राहा आणि ज्या आवाजात त्याला चोर म्हणालास त्याच आवाजात सांग की गाडी तू बिघडवली होतीस. नाही आलास तर वहिनीसाठी सुभद्राबाई तरीही येईल, मीच जीप चालवत तिला आणीन, तुझ्या फाटकापाशी उतरवीन आणि मागे फिरेन. घरात पाऊल टाकणार नाही, भाचरू झालं तरी. सुभद्राबाईचं मन मोठं आहे. माझं नाही.

वाट पाहणारी आणि तरीही तुझीच,
स्नेहलता