पाथर्डीच्या गाडीतलं गीत

प्रिय आई,

सलाम. तू प्रभूकडे गेल्यापासून माझ्या तोंडून एकही गीत निघालं नव्हतं. कंडक्टरच्या ड्युटीत रविवारही जातो, त्यामुळे चर्चही सुटलं.

आज पहाटे पाथर्डीच्या गाडीत खिडक्यांतून धुकं आत येत होतं. ऊसतोडीहून परतणाऱ्या मनकर्णा नावाच्या बाईचं तान्हं बाळ रडायचं थांबेना. तिकिटं झाल्यावर मी तिच्याशेजारी बसून त्याला कुशीत घेतलं, आणि तू भाकरी थापताना म्हणायचीस ते गीत आपोआप ओठांवर आलं. बाळ निजलं. सगळी गाडी धुक्यात तरंगत असल्यासारखी वाटली.

"ताई, ह्ये कोन्त्या देवाचं गानं हाय?" मनकर्णाने विचारलं.

"येशूचं."

"थांबू नका. मलाबी लई दिसांनी झोप येतीया."

माझ्या खांद्यावर डोकं टेकून ती झोपली. पाथर्डी येईपर्यंत मी गात राहिले.

तुझीच,
सुवार्ता