पाटी आणि लाल लेसो

मोंबासा, ता. ४ फेब्रुवारी

ती. म्वानाते आत्या हिस,
स्वाब्राचा सा. सलाम वि. वि.

तुझ्या गुडघ्यांना आधी सलाम, मग तुला. बाबा सांगत होते की लामूच्या गल्लीत आता गाढवसुद्धा तुला ओलांडून पुढे जातं. खरं नसेल तर बाबांवर राग, माझ्यावर नाही.

बातमी अशी की त्वाहाच्या घरच्यांनी आमच्या लग्नासाठी एप्रिलचा पहिला शुक्रवार धरला आहे. आई गेल्यापासून मी तुझ्याच हाताखाली वाढले, तेव्हा लग्नाआधी आठवडाभर मला खोलीत कोंडून संसाराची शिकवण देणारी सोमो तूच, हे मी चार वर्षांची असतानाच ठरलं होतं. पण बाबांचं म्हणणं, मुकोवेच्या धक्क्यापर्यंत बोट आणि तिथून दिवसभर बस, हे तुला आता झेपायचं नाही. तिकडे त्वाहाची आत्या, बी रुकिया, बाह्या सरसावून बसली आहे. तिच्या ओळखीचं ब्यूटी पार्लर आहे म्हणे, सोमो आणि मेंदी एकाच ठिकाणी होईल.

मग मला एक नामी युक्ती सुचली. आमच्या दुकानातला सगळ्यात मोठा टॅब्लेट तुझ्यासाठी घेतला आहे. त्यात सिमकार्ड घातलं आहे, अक्षरं भाकरीएवढी केली आहेत. कडेचं बटण दाबायचं आणि माझ्या फोटोवर बोट ठेवायचं, की मी समोर. तू आपल्या खाटेवर बसून मला शिकव, मी इथे बसून शिकते. बोट नको, बस नको, गुडघे नकोत. लग्नसुद्धा त्यातच दिसेल. तुझा तो बटणांचा फोन टाकीत पडल्यापासून तू दुसरा घेत नाहीस, म्हणून अजून मला शाईनं बोटं काळी करावी लागतात. दुकानातल्या मुली विचारतात, कोणाला लिहितेस, सरकारला का?

पत्र पोस्टात टाकते, पार्सल बसने येईल. वाटेत काच फुटू नये म्हणून नव्या कोऱ्या लेसोत गुंडाळलं आहे. घाईत हाताला लागलं ते घेतलं, पण लाल रंग फार छान आहे, कापडही चांगलं जाड आहे. तुला कमरेला शोभेल.

लोभ तिथेच आहे ना, की गुडघ्यांबरोबर तोही दुखू लागला? कळव.

तुझी
स्वाब्रा

*

लामू, ता. ७ फेब्रुवारी

चि. होऊ घातलेल्या सौ. स्वाब्राबाई यांस,
चार हात लांबून आशीर्वाद. वि. वि.

तुमचं लेसो पोचलं. पत्र नाही, चिठ्ठी नाही. म्हटलं, ठीक आहे, लेसोच्या काठावर काही ना काही म्हण छापलेली असतेच की. तुझी आजी चाळीस वर्षं शेजारणीशी एक शब्द न बोलता भांडली, सगळं भांडण लेसोवर झालं. सकाळी ही एक नेसून पाणी भरायला जायची, संध्याकाळी ती दुसरं नेसून उत्तर द्यायची. तेव्हा मी अंगणात उजेडात कापड पसरलं आणि काठावरची ओळ वाचली.

"बसलीस तिथंच बस बाई, तुझ्यावाचून अडलं नाही."

मी तीनदा वाचली. मग आपल्या गल्लीतल्या, पलंगाला खिळलेल्या बी झैनबूकडे नेली, म्हटलं माझे डोळे गेले असतील, तू वाच. तिनं वाचली आणि उशीत तोंड खुपसून हसली. ती गेली साठ वर्षं माझ्या दुःखावर अशीच हसते आहे.

लग्न ठरलं हे मला तुझ्या बापाने मच्छीवाल्याबरोबर निरोप धाडून कळवलं. आणि तू लेसो धाडून कळवलंस की येऊ नकोस. बरं झालं. मी उगाच पेटी उघडून चांदीचे तोडे घासायला काढले होते, ते परत ठेवले. न्हाऊ कुणी घातलं, जावळ कुणी काढलं, हे विचारायची ही वेळ नाही, म्हणून विचारत नाही.

कापडाच्या आत एक काळी पाटी निघाली. लेसोला चुण्या पडू नयेत म्हणून घातली असावी. त्याबद्दल दुकानदाराचं कौतुक. सध्या तिच्यावर मी नाश्त्याच्या तळायच्या माहांब्री लाटते, पीठ चिकटत नाही. उलटी केली की कोळशाला वाराही बरा घालता येतो.

लोभ असावा असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते.

म्वानाते

*

मोंबासा, ता. ९ फेब्रुवारी

ती. आत्याच्या पायांशी,
स्वाब्राचा लोळण घेऊन सलाम वि. वि.

आत्या, कोळशापासून लांब! ती पाटी नाही, तो टॅब्लेट आहे, आणि तो महाग आहे, आणि तू त्यावर माहांब्री लाटतेस हे मी दुकानात मोठ्याने वाचलं तेव्हा मालकाला उचकी लागली.

अल्लाची शपथ, मी ती ओळ वाचलीच नव्हती. मला माहीत आहे, यावर तू म्हणशील की लेसो न वाचता घेणारी मुलगी नवराही न बघताच घेईल. म्हण. बियाशारा रस्त्यावर दुपारची गर्दी, बस सुटायला आलेली, दुकानदाराने थप्पीवरचं पहिलं उचलून हातात कोंबलं. आम्ही फोनवर लिहून लिहून कापडावरचं वाचायचं विसरलो, हा खरा गुन्हा. बाबांना सांगितलं तर ते आधी रागावले आणि मग खुर्चीतून पडेपर्यंत हसले. म्हणाले की तुझ्या आजीने हे ऐकलं असतं तर कबरीतून उठून उत्तराचं लेसो विकत घेतलं असतं.

माझं खरं पत्र पोस्टाने येतच असेल, ते वाच म्हणजे सगळा उलगडा होईल. तुझ्यासारखंच मीही हे पत्र बसच्या ड्रायव्हरच्या हातात देते आहे.

आता राग सोड आणि पीठ पुसून कडेचं बटण दाब. तुला या वस्तूंचा तिटकारा का, ते मला कळत नाही. तू म्हणतेस, कानात बोंडं खुपसून फिरणाऱ्यांना अजान ऐकू येत नाही. पण त्यातच मी रोज कुराण ऐकत कामावर जाते. खिशातल्या जादा बॅटरीला तू नाकापेक्षा मोती जड म्हणालीस. पण मागच्या पावसात वीज गेली तेव्हा सगळ्या चाळीने तिच्यावरच दिवे लावले. वस्तू वाईट नसते गं. आणि घरबसल्या सोमो होण्यात वाईट काय? बी रुकिया रोज बाबांना फोन करून विचारते, ठरलं का, ठरलं का. तू पाटीवरून हो म्हण, की मी तिला वाटेला लावते.

राग पिठात मळून टाक, लोभ तेवढा शिल्लक ठेव.

तुझीच, आंधळी
स्वाब्रा

*

लामू, ता. २१ फेब्रुवारी

चि. स्वाब्रा हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझी दोन्ही पत्रं पोचली, आधी दुसरं आणि मग पहिलं. आपल्या पोस्टाचं सगळं उलटंच. लेसोचा राग गेला. तो खरा कधी आलाच नव्हता असं झैनबू सांगत फिरली असती, पण तिला फिरता येत नाही.

पाटी झैनबूने चालू केली. मी तिच्या उशाशी नेऊन ठेवली होती, दाखवायला म्हणून. बटण तिनं दाबलं, गल्लीतल्या एका पोराने नंबर लावून दिला, आणि मस्कतची तिची लेक समोर! नऊ वर्षांनी. लेक तिथे रडते, ही इथे रडते, आणि मधे मी पाटी धरून उभी, हात भरून आले तरी खाली ठेववेना. आता गल्लीतल्या बायका दुपारी तिच्याकडे जमतात. एकीला नातवंडं बघायची असतात, एकीला मालिका. मी विरोध म्हणून बसते, पण त्या मालिकेतल्या सासूचं पुढे काय झालं ते मलाही कळायला हवं आहे. तेव्हा या वस्तूंबद्दल मी जे बोलले त्यातलं निम्मं मागे घेते. कानातल्या बोंडांचं घेत नाही. काल मच्छीवाल्याला चार हाका मारल्या, तो डोलत डोलत पुढे गेला आणि त्याच्यामागून माझा मासाही.

आता उरलेलं निम्मं ऐक.

लेसो चुकून आलं, हे मी मानलं. पण पाटी चुकून आली नाही. ती तू विचार करून घेतलीस, अक्षरं मोठी केलीस, बटण कुठे ते लिहिलंस. आणि ती काय म्हणते? आत्या, तू आपल्या खाटेवरच बस. बोट नको, बस नको. लग्न त्यातच दिसेल. पोरी, लेसोच्या काठावरही तेच लिहिलं होतं. कापडाने तोंडावर सांगितलं, पाटीने गोड बोलून सांगितलं, एवढाच फरक.

उंटावरून शेळ्या हाकाव्यात तशी मी काचेतून सोमो होऊ? नवरीच्या अंगाला उटणं लावताना तिच्या खांद्याला हात लागतो तेव्हा कळतं, पोरगी घाबरली आहे की नाही. तुझे खांदे घाबरलीस की कानांपर्यंत चढतात, लहानपणापासून. ते काचेत दिसतील का? दिसले तरी खाली कोण ओढणार?

माझे गुडघे दुखतात, हे खरं. पण मला कुणी विचारलं नाही. तुझ्या बापाने ठरवलं, तू पाटी घेतलीस, बी रुकियाने पार्लर धरलं. मला वाईट वाटलं, स्वाब्रा. थट्टा बाजूला ठेवून लिहिते, फार वाईट वाटलं. तुझं लग्न मला बघायचं नाही, मला त्यात असायचं आहे. तुला मी नको असेन तर तसं सांग, मी झैनबूच्या उशाशी बसून काचेत टाळ्या वाजवीन. पण सोमोला आपल्याकडे नवरीच्या घरच्या बाईने दारात येऊन बोलवायचं असतं. ते कुठल्याही बटणाने होत नाही.

लोभ किती आहे ते या पत्राच्या लांबीवरून ओळख.

तुझी
म्वानाते आत्या

*

मोंबासा, ता. २५ फेब्रुवारी

ती. आत्या हिस,
सा. सलाम वि. वि.

तुझं पत्र दुकानात वाचलं नाही, घरी वाचलं. वाचून खांदे कानांपर्यंत गेले आणि खाली ओढायला कुणी नव्हतं.

आई नाही, बहीण नाही, त्यामुळे नवरीच्या घरची बाई म्हणजे मीच उरते. नवरीने स्वतः आपल्या सोमोला बोलवायला जावं हे कुठे घडलं नसेल, बी रुकिया तर ऐकून बेशुद्ध पडेल. पडू दे, पार्लर जवळच आहे.

काल दुकानातून सुट्टी घेतली आणि बियाशारा रस्त्यावर गेले. एका दुकानात थप्प्या उलगडायला लावून प्रत्येक काठ वाचला. दुकानदाराने विचारलं, बाई, लेसो घेताय की परीक्षेचा अभ्यास करताय? शेवटी एक मिळालं. त्यावर काय लिहिलं आहे ते इथे लिहीत नाही, तूच उजेडात पसरून वाच.

हे पत्र पोस्टात टाकत नाही, ड्रायव्हरच्या हातातही देत नाही. मीच घेऊन येते आहे. तू हे वाचत असशील तेव्हा मी तुझ्या उंबऱ्यावर बसलेली असेन, आणि मला भूक लागलेली असेल. माहांब्री लाकडी पाटावर लाट.

लोभ आता हातानेच दे.

तुझी
स्वाब्रा

*

मोंबासा, ता. १० एप्रिल

प्रिय झैनबू हिस,
मैत्रिणीचा सलाम वि. वि.

पाटी तुझ्याजवळ असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. पण काचेत सगळ्यांसमोर बोलता येत नाही ते इथे लिहिते.

आधी एक सूचना. पाटी छातीवर टेकवून उभी धर. मेंदीच्या दिवशी तू ती पालथी ठेवून झोपी गेलीस आणि तुझं घोरणं सगळ्या वऱ्हाडाने ऐकलं. बी रुकियाला वाटलं, मोंबासात लाँच लागली.

बी रुकियाचं ऐक. पहिल्याच दिवशी ती पार्लरच्या दोन मुली घेऊन दारात आली. मी भांडले नाही. ते लाल लेसो नेसून तिच्या पुढून कॉफी फिरवली, आणि पाठमोरी होऊन जरा वेळ उभी राहिले. तिनं काठ वाचला. बसलीस तिथंच बस बाई. ती बसली, कॉफी प्यायली, आणि माझ्या तोड्यांचं कौतुक करून गेली. स्वाब्रा म्हणते, घाईत घेतलेलं ते लेसो शेवटी योग्य पत्त्यावर पोचलं.

आठवडाभर मी पोरीचा फोन माझ्या पेटीत कुलपात ठेवला. तिसऱ्या दिवशी मीच काढून तिच्या हातात दिला, मला तुझ्याशी बोलायचं होतं म्हणून लावून दे म्हटलं. त्यावर ती जी हसली ते मी आता जन्मभर ऐकणार आहे. उटणं लावताना खांदे वर गेले होते. खाली ओढले. त्या पोरीला आई आठवत होती, मलाही आठवत होती, दोघी रडलो, मग भूक लागली.

निकाहाच्या वेळी तुला काचेत बघितलं. तू डोक्यावर नवं कापड घेतलं होतंस, घरात एकटीच असून. मला भरून आलं. जिला येता येत नाही तिच्यासाठी ती पाटी फार चांगली आहे, झैनबू. म्हणूनच तुझ्याकडे ठेवली.

पोरीने मला बोलवायला येताना आणलेलं लेसो जोडीचं होतं, ते आम्ही मधून कापलं, एक तुकडा मला, एक तिला. आता परवा निघते. स्वाब्रा पार लामूपर्यंत पोचवायला येते म्हणते, हळद उतरली नाही तोवर, नवऱ्याला मागे ठेवून. मी रागावले. म्हटलं, आता कशाला येतेस, पाटी आहे ना, त्यात बघ मी पोचले की नाही. तिनं डोक्यावरच्या आपल्या तुकड्याचा काठ पुढे ओढून माझ्या नाकासमोर धरला आणि वाचायला लावला.

"निरोप कशाला धाडू, जीवच घेऊन आले."

दोघींसाठी भात टाकायला सांग.

तुझी
म्वानाते